कौतुकाचा जमाखर्च

२०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्याची बातमी २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोहून आली. त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून मी एवढंच म्हणाले, “या खेपेला पादचारी पूल तरी आधी बांधून घ्या म्हणावं.” २०१० साली दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा नवाकोरा पूल स्पर्धेच्या जेमतेम दोन आठवडे आधी कोसळला होता, त्याची ती आठवण. बाकीचे हसले. सर हसले नाहीत. सर म्हणजे आमच्या इमारतीतले निवृत्त क्रीडाशिक्षक, उभी हयात गळ्यात शिट्टी अडकवून काढलेला माणूस. तिसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केपची चार पानं माझ्या हातात ठेवली. अक्षर कवायतीला उभं केल्यासारखं सरळ.

पत्राचा मथितार्थ असा, की खेळाची टिंगल करणं ही शिकल्यासवरल्यांची फॅशन झाली आहे. खेळ देशांना जवळ आणतो. पदकानं देशाची मान उंचावते, आणि दीडशे कोटींच्या देशाला पॅरिस ऑलिंपिकमध्ये सहाच पदकं मिळाल्यानं ती खाली जाते. स्पर्धा भरवल्या की मागे स्टेडियमं उरतात. एक नीरज चोप्रा हजार पोरांना मैदानावर आणतो. शेवटची ओळ अधोरेखित होती: “ताई, दुसऱ्याचं कौतुक करायला मन मोठं लागतं.”

सरांची परवानगी घेऊन उत्तर इथे देते आहे. तोंडी दिलं असतं तर तिसऱ्या वाक्याला शिट्टी वाजली असती.

आधी एक कबुली. मी शाळेत खो-खो खेळायचे. खांबावर सूर मारताना हनुवटी फुटली, तिची खूण अजून आहे आणि तिचा मला दागिन्यासारखा अभिमान आहे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या मातीतले. दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं तेव्हा मी टीव्हीपुढे उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले. तेव्हा माझं मन लहान नाही, सर. ओरडून झाल्यावर मात्र एक गोष्ट आठवली. ज्या मैदानावर आमची पाटी आखली जायची, तिथे आता शाळेच्या बसगाड्या उभ्या असतात. विश्वचषक आला तेव्हा पाटी गेलेली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हाच माझा प्रश्न आहे, आणि चार पानांत तुम्ही तो कुठेच घेतलेला नाही.

आता खेळ देशांना जवळ आणतो याबद्दल. ऑलिंपिकची सनद तुम्ही मुलांना शिकवली असणार. स्पर्धा खेळाडूंमध्ये असते, देशांमध्ये नव्हे, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे. मग ध्वज, राष्ट्रगीत, देशवार संचलन हे सगळं कशासाठी? कारण संयोजकांना आपण पुरते ओळखीचे आहोत. आठ मुली पाण्यात कशा पोहतात हे बघायला कुणी पहाटेचा गजर लावत नाही. ‘आपली’ पोहते म्हणून लावतो. सनद भिंतीवर टांगायची आणि धंदा सनदेविरुद्ध करायचा, असा तो व्यवहार आहे.

ग्रीसमधून मशाल पळत आणण्याची प्रथा किती प्राचीन वाटते! ती निघाली १९३६च्या बर्लिनसाठी. हिटलरच्या राजवटीला जगापुढे सोज्वळ दिसायचं होतं आणि जग आनंदानं पाहुणचाराला गेलं. आपणही गेलो. ध्यानचंदांच्या संघानं यजमान जर्मनीला ८-१ असं हरवलं, तो दिवस १५ ऑगस्ट होता, हे आपण आजही रंगवून सांगतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे देशी व्यायामप्रकार करून दाखवले, तेही सांगतो. दोन्ही अभिमान खरे आहेत. पण स्पर्धेपुरत्या शहरातल्या ज्यूविरोधी पाट्या उतरवून ठेवल्या होत्या आणि पाहुण्यांची पाठ वळताच छळ पुन्हा सुरू झाला, हेही तितकंच खरं आहे. त्या पाहुणचारानं कोण कुणाच्या जवळ आलं? मेक्सिको सिटीत १९६८ साली उद्घाटनाच्या दहा दिवस आधी निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. म्युनिकमध्ये १९७२ साली अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. स्पर्धा थांबली ती जेमतेम दीड दिवस. १९८०ला अमेरिका मॉस्कोला गेली नाही, १९८४ला सोव्हिएत संघ लॉस एंजेलिसला गेला नाही. त्या चार वर्षांत ज्यांचं वय उमेदीचं होतं अशा धावपटूंना पुन्हा ते वय कुणी दिलं नाही.

जुनी उदाहरणं नकोत म्हणाल तर सप्टेंबर २०२५ घ्या. आशिया चषकात दुबईला भारत आणि पाकिस्तान तीनदा खेळले, तिन्ही वेळा आपण जिंकलो. नाणेफेकीला कर्णधारांनी हात मिळवले नाहीत, सामना संपल्यावर संघांनीही नाही. अंतिम सामना जिंकून आपण चषक घेतला नाही, कारण तो देणारे आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष पाकिस्तानचे मंत्री होते. पहलगामला एप्रिलमध्ये माणसं मारली गेली होती, राग समजू शकते. खेळायचंच नाही असं म्हटलं असतं तर ती एक भूमिका झाली असती. खेळतो आणि हातही मिळवतो म्हटलं असतं तर तीही भूमिका झाली असती. आपण तिसरंच केलं. पहलगामच्या दुःखात हस्तांदोलन बसत नव्हतं, थेट प्रक्षेपण मात्र बसलं. मैदानातल्या त्या बावीस जणांना यातलं किती विचारलं गेलं असेल, याचा अंदाज तुम्ही करा. तुम्ही शिक्षक आहात. सामना संपल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायचा, हे तुम्हीच पोरांना शिकवलंत ना?

मग पदकं. पॅरिसला भारताची सहा पदकं आणि पदकतक्त्यात एकाहत्तरावा क्रमांक, म्हणून तुमची मान खाली जाते. त्याच पॅरिसमध्ये भालाफेकीत नीरज चोप्राच्या पाठोपाठ कांस्य मिळवणारा अँडरसन पीटर्स ग्रेनाडाचा. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी, पदकं दोन. लोकसंख्येनं भागाकार केला तर ग्रेनाडानं आपल्याला धुळीला मिळवलं. म्हणून ग्रेनाडा आपल्यापेक्षा थोर देश झाला का? आणि नसेल झाला, तर उलट दिशेनं तोच हिशेब कसा लागू होतो?

पदकानं देश मोठा होतो या समजुतीची परीक्षा एकदा पूर्णपणे घेऊन झाली आहे. पूर्व जर्मनी. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, आणि १९७६च्या मॉन्ट्रियलला ४० सुवर्णपदकं. सोव्हिएत संघाच्या खालोखाल, अमेरिकेच्या वर. जग तोंडात बोट घालून बघत होतं. सरकारी योजना आखून हजारो खेळाडूंना पुरुषी संप्रेरकं चारली जात होती, त्यांत अल्पवयीन मुली होत्या, आणि त्यांना ती जीवनसत्त्वाची गोळी म्हणून दिली जात होती. १९९० साली तो देशच नकाशावरून गेला. पदकं अजून नोंदवहीत आहेत, देश नाही. त्या मुली मात्र पुढे वर्षानुवर्षं दवाखान्यांत आणि न्यायालयांत जात राहिल्या.

हे परक्यांचं झालं म्हणू नका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या आकडेवारीत मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचं प्रमाण भारतात सर्वाधिक भरतं. २०२३मध्ये साडेपाच हजारांवर नमुने तपासले आणि २१३ दोषी निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत तपासणी पथक आल्याची कुणकुण लागली आणि खेळाडू पसार झाले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. एकटाच धावला. मला त्या शर्यतीचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही. आठ मार्गिका आखलेल्या, सात रिकाम्या. त्या सात पोरांना चोर म्हणणं सोपं आहे. पण ‘पदक आण, मग बघू’ असं ज्या समाजानं त्यांना सांगितलं, तो समाज त्या दिवशी कुठल्या मार्गिकेत होता?

स्टेडियमांबद्दल थोडक्यात आटोपते, कारण हा हिशेब जगानं केव्हाच केला आहे. मॉन्ट्रियलला १९७६च्या स्पर्धेचं कर्ज फेडायला ३० वर्षं लागली. अथेन्सच्या २००४च्या मैदानांत गवत माजलं. हँबुर्ग आणि कॅलगरी इथल्या लोकांनी मतदान करून स्पर्धा नाकारली. बोस्टन, रोम, बुडापेस्ट यांनी अर्ज मागे घेतले. २०२४साठी शेवटी पॅरिस आणि लॉस एंजेलिस एवढीच शहरं उरली, तेव्हा ऑलिंपिक समितीनं दोघांनाही एकेक स्पर्धा देऊन टाकली. राष्ट्रकुलचं तर विचारूच नका. २०२६ची स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं खर्चाचा आकडा बघून परत केली आणि ग्लासगोनं ती काटछाट करून पदरात घेतली. असं ताट फिरत फिरत आपल्याकडे आलं आहे, आणि आपण ते ऑलिंपिकचं आवतण म्हणून मिरवतो आहोत. २०३६चं ऑलिंपिक भारतात आणायचा इरादा पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतच, ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात जाहीर केला होता.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट सांगते. लॉस एंजेलिसला १९८४ साली नफा झाला. कारण त्यांनी होती ती मैदानं वापरली आणि दुसरा कुणी उमेदवारच नसल्यामुळे समितीशी घासाघीस करता आली. दिल्लीनं २०१०ला काय केलं? सुमारे १,२०० कोटींचा पहिला अंदाज महालेखापरीक्षकांच्या हिशेबात १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यात अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी राखून ठेवलेला निधीही वळवला गेला, हे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत मान्य केलं. घोटाळ्याच्या खटल्यांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. मला हा वळवलेला निधी जास्त बोचतो. चोरी पकडता तरी येते. हा तर रीतसर कागदोपत्री निर्णय होता, की वस्तीपेक्षा धावमार्ग महत्त्वाचा.

आपलं पुण्याचं बालेवाडी क्रीडासंकुल तुम्ही उदाहरण म्हणून दिलंत. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, २००८ला युवा राष्ट्रकुल स्पर्धा तिथे झाल्या. मान्य, तिथे चांगले नेमबाज घडले, स्वप्निल कुसाळेही तिथेच सराव करायचा. आणि २०२१मध्ये एका बैठकीला आलेल्या पुढाऱ्यांच्या मोटारी तिथल्या धावमार्गावर उभ्या असल्याची छायाचित्रं राज्यभर फिरली, हेही मान्य करा. आमच्या शाळेच्या पाटीवर बसगाड्या, राज्याच्या धावमार्गावर मोटारी. मैदान म्हणजे गाडी लावायची जागा, याबाबत आपल्याकडे गल्लीपासून मंत्रालयापर्यंत एकमत आहे.

सर, तुमचा सगळ्यांत प्रामाणिक मुद्दा पोरांचा आहे, म्हणून तिथे थांबते. एक पदकवीर हजार पोरांना मैदानावर आणतो. हे खरं असतं तर मी ऑलिंपिकचा खर्च डोळे मिटून मान्य केला असता. लंडननं २०१२ची स्पर्धा हेच वचन देऊन घेतली होती की एक अख्खी पिढी खेळायला लागेल. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं दहा वर्षांनी हिशेब मांडला, तर स्पर्धेनंतरच्या तीन वर्षांत आठवड्यातून एकदा तरी खेळणाऱ्या प्रौढांचं प्रमाण उलट घटलं होतं. लोक बघायला लागले, खेळायला नाही. बघणं आणि खेळणं यांना आपण एकच शब्द वापरतो, ‘खेळाची आवड’, तिथेच गफलत आहे. माझ्या भाच्याला क्रिकेटची इतकी आवड आहे की बॅट त्यानं शेवटची कधी हातात धरली हे त्याला आठवत नाही.

महाराष्ट्रात पोरं धावत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. पहाटे साडेचारला परभणी, बीड, सांगली, जळगाव, कुठल्याही गावाच्या डांबरी रस्त्यावर जा. अंधारात पोरं धावताना दिसतील, आणि हल्ली पोरीही. मोबाइलवर वेळ लावलेली. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात नाहीत. कुणाच्याही डोळ्यांपुढे ऑलिंपिक नसतं. पोलीस भरती असते: मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि गोळाफेक. २०२४च्या भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांवर. या राज्यातली सगळ्यांत मोठी मैदानी चळवळ ही आहे, सर. तिला प्रायोजक नाही, समालोचक नाही, फिजिओ नाही. त्याच वर्षी भरतीच्या धावण्यात कोसळून तरुण पोरं गेली. त्या पोरांवर आपण कधी फूल टाकलंय? ती कोपऱ्यावर दिसली तर आपण गाडीचा हॉर्न वाजवतो.

आणि शाळेचं म्हणाल, तर खेळाचा तास गणिताच्या बाईंनी मागून घ्यायचा, हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत, की दहावीच्या वर्गाला वर्षभरात तुम्ही चारदा मैदानावर नेऊ शकलात. आपल्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत ‘येथे चेंडूने खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी आहे. तिच्याखाली सचिव म्हणून सही कुणाची आहे, हे मी इथे लिहीत नाही.

आता कौतुकाकडे येते, कारण माझ्या मनाचं माप तुम्ही त्यावरून काढलंत.

मी म्हणते, आपण खेळाडूंचं कौतुक करतच नाही. आपण स्वतःची पाठ थोपटतो, हात फक्त खेळाडूचा वापरतो. आठवा, जिंकल्यावर आपण ‘जिंकलो’ म्हणतो, हरल्यावर ‘हरले’. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत आपण पाकिस्तानकडून हरलो, तेव्हा संघात अकरा जण होते, पण शिव्या मोहम्मद शमीला पडल्या आणि त्या त्याच्या गोलंदाजीवरून नव्हत्या. तमिळनाडूच्या सांती सौंदरराजननं २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य जिंकलं, आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. वर्तमानपत्रांना तिच्या शरीराची चर्चा करायला पानं कमी पडली. पुढे ती वीटभट्टीवर काम करत होती. तिनं कुठलीही लबाडी केली नव्हती, जन्मली होती तशी धावली होती. कौतुक करणारे तेव्हा कुठे होते? बहुधा पुढच्या विजेत्याची वाट बघत.

२०२३चा मे महिना मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून हे मल्ल जंतरमंतरवर बसले होते. आरोपांचा निवाडा न्यायालयानं करायचा, त्यावर मी बोलत नाही. मी बोलते आहे ते २८ मे या दिवसाबद्दल. नव्या संसद भवनाचं उद्घाटन चाललं होतं आणि ऑलिंपिक पदक मिळवलेल्या मुलीला पोलीस रस्त्यावरून फरफटत नेत होते. दोन दिवसांनी ते सगळे पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले. ज्यांच्याबरोबर सेल्फी काढायला मंत्र्यांची रांग लागली होती, त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं होतं काय? तर आमचं ऐकून घ्या. पुढे विनेश पॅरिसच्या अंतिम फेरीत गेली तेव्हा तीच मंडळी टाळ्या वाजवायला परत आली, आणि शंभर ग्रॅमनं ती बाद झाल्यावर त्यातल्याच काहींना अचानक वजनाचे नियम तोंडपाठ आले.

सचिनबद्दल लिहिताना या राज्यात हात जरा जपून टाकावा लागतो. १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर त्यानं निरोप घेतला, त्याच दिवशी भारतरत्न जाहीर झालं. ध्यानचंदांना ते कधीच मिळालं नाही, पण तो वाद सोडा. सचिनला आपण देव केलं. राज्यसभेतही नेमलं. तिथे तो फारसा दिसला नाही, यावरून त्याच्यावर टीका झाली आणि ती योग्य होती. मग डिसेंबर २०१७मध्ये तो बोलायला उभा राहिला. विषय होता पोरांचा खेळण्याचा हक्क. आणि सभागृहात असा गदारोळ झाला की त्याला एक वाक्यही धड बोलू दिलं नाही. भाषण त्यानं नंतर समाजमाध्यमांवर टाकलं. ज्या देवासाठी ऑफिसं ओस पडायची, तो मैदानाबद्दल चार शब्द सांगायला उभा राहिला तर देशाच्या वरच्या सभागृहाला त्याचं ऐकायचं नव्हतं. देवाला नैवेद्य दाखवतात, हार घालतात, गाऱ्हाणं सांगतात. देव स्वतः काही सांगायला लागला तर पंचाईत होते.

दुसऱ्या टोकाला, मैदानातल्या कौशल्याला आपण चारित्र्याचा दाखला समजतो. भाला नव्वद मीटरच्या पुढे फेकणं ही अफाट गोष्ट आहे आणि ती तेवढीच गोष्ट आहे. तिच्यावरून त्या माणसानं सांगितलेलं सिमेंट चांगलं ठरत नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर परवापर्यंत पैसे लावून खेळायच्या ॲपचं नाव होतं; ऑगस्ट २०२५मध्ये कायदा आला म्हणून ते उतरलं, कुण्या महानायकाला लाज वाटली म्हणून नव्हे. आदर्श म्हणून पोरांपुढे ठेवायला मला आमच्या वॉर्डातली लस टोचत फिरणारी परिचारिका चालेल. पण तिच्या फेरीच्या प्रक्षेपणाचे हक्क कुणी विकत घेत नाही.

तुम्ही आता म्हणाल, गरिबाच्या पोराला वर यायला खेळाइतकी चांगली शिडी नाही. हा तुमच्या पत्रातला नव्हे, पण तुमच्या मनातला मुद्दा आहे, आणि तो मला सगळ्यांत जड जातो. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, ही नावं घेतली की माझाही आवाज खाली येतो. पण ती शिडी कुणी धरली होती ते बघा. अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये होता, सियाचीनला राहून आला. धावणं त्याला सैन्यात सापडलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार, रजा आणि सरावाची सोय, यावर ते उभे राहिले. चाहत्यांवर नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निलनं पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं आणि रेल्वेनं लगोलग बढती दिली. पदकाच्या आदल्या दिवशीही तो तोच नेम धरणारा माणूस होता. राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले. त्याच्या महिनाभर आधी त्याच सरकारनं टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाला, जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या संघाला, विधान भवनातल्या सत्कारात ११ कोटी जाहीर केले होते. स्वप्निलच्या वडिलांनी पुढे हरियाणाचे आकडे सांगून नाराजी बोलून दाखवली, तर लोक म्हणाले, बाप लोभी आहे. सर, अकरा कोटी घेणाऱ्यांना कुणी लोभी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आणि शिडीचं एक वैशिष्ट्य तुम्हीही बघितलं असेल. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, चांगली गोष्ट. ते मिळवायला खोटी क्रीडा प्रमाणपत्रं विकली गेली, कधीही उडी न मारलेले लोक ट्रॅम्पोलीनवर राष्ट्रीय खेळाडू झाले. खेळायचं नाही पण खेळाडू म्हणून मिरवायचं, या आपल्या सार्वजनिक सवयीचंच ते खासगी रूप आहे.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर खशाबा जाधवांचं नाव दोनदा आहे, म्हणून त्यांच्यापाशी येते. गोळेश्वरचे खशाबा १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तिथे पहिल्यांदा त्यांना मॅटवर नीट कुस्ती खेळावी लागली, तोवरची सगळी मातीतली. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. सरकारकडे हात पसरून झाले, लोकवर्गणी झाली, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये खशाबांच्या हातात दिले. खशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडच्या स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल वाजले, हलगी कडाडली, नेहमी पाव तासात सरणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. पुढे ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर, नवं शतक उजाडता उजाडता. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडादिन आहे, आणि तुम्ही त्या दिवशी सोसायटीत लेझीम बसवणार आहात; मी येईन, हलगी असेल तर नक्की येईन.

तुम्ही मिरवणुकीचं वर्णन फार सुंदर केलं आहे, सर. बैलांच्या पाठीवरच्या झुली तर मला समोर दिसल्या. पण मिरवणूक संपल्यावर, बैल सोडल्यावर काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. खर्डेकरांचं घर तेव्हाही गहाणच होतं. खशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, ऑलिंपिकहून आलेला तो गडी स्वतः लंगोट कसून त्यात उतरला, कुस्त्या मारल्या, आणि तिकिटांचे जे पैसे आले ते नेऊन खर्डेकरांना दिले, घर सोडवायला.